आमची वाटचाल : नऊ चित्रं आणि एक भेग

आमच्या स्टुडिओत फोटोवरून व्यक्तिचित्र करून मिळत नाही. माणूस समोर बसला पाहिजे आणि त्याने निदान दहा बैठका दिल्या पाहिजेत. या अटीपायी बरीच कामं परत गेली, अजूनही जातात. पण ही अट नव्हती तेव्हा आमचा स्टुडिओ बंद पडायच्या बेतात आला होता. त्या काळात आमची चित्रं टिकत नाहीत असं जे पसरवलं गेलं त्याला मी कधी उत्तर दिलं नाही. ते आज देतो.

माझा हात फलक रंगवण्यात तयार झाला. फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी फलकावर आखायच्या आणि चेहरा उतरवायचा. सफाई आली, पण बघायला शिकलो नव्हतो. पुढे ज्या सरांकडे गेलो त्यांनी वर्षभर रंगाला हात लावू दिला नाही. प्लास्टरचं डोकं, कोळसा, मळीव रबर आणि ओळंबा, बस्स. ओळंबा म्हणजे गवंडी वापरतात तोच. दोरी डोळ्यासमोर धरायची आणि नाकपुडीच्या सरळ खाली ओठाचा कुठला भाग येतो ते पाहायचं. इझल, म्हणजे कॅनव्हास टेकवायची घोडी, मॉडेलच्या शेजारी असं लावायचं की ठरलेल्या जागेवरून दोन्ही एकाच मापाची दिसतील. तिथून बघायचं, पुढे जाऊन एक फटकारा द्यायचा, परत मागे यायचं. अमेरिकन व्यक्तिचित्रकार जॉन सिंगर सार्जंट असंच येरझाऱ्या घालत रंगवत असे. बसून, कॅनव्हासला नाक लावून रंगवणाऱ्याच्या चित्रातले डोळे सुटे सुटे चांगले होतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत. नव्यांनी एक आरसाही जवळ ठेवावा. चित्र आरशात उलटं पाहिलं की वाकडा जबडा लगेच दिसतो. लिओनार्दोनेही हाच सल्ला दिला होता.

रंगांच्या बाबतीत सर कंजूष होते, मीही आहे. पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा). स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न यांच्या नावाने हीच चौकडी ओळखली जाते. काळ्यात पांढरा मिसळून तो तांबूस कातडीशेजारी ठेवला की निळसर दिसतो, वेगळा निळा लागत नाही. पाव्हण्यासारखे वीस रंग पॅलेटवर मांडून बसणाऱ्याला त्वचेतला हिरवट करडा कधी सापडत नाही. ब्रश डुकराच्या केसांचे, फिल्बर्ट, म्हणजे चपटे पण टोकाला गोलसर. माझा एक सहा नंबरचा घासून अर्धा झालाय. गालाची कड विरघळवायला त्याच्यासारखा दुसरा नाही.

आता त्या नऊ चित्रांचं.

एका संस्थेच्या नऊ विश्वस्तांची मोठी व्यक्तिचित्रं करायची होती. आमच्यासाठी तेवढं मोठं काम पहिलंच. समारंभाची तारीख ठरलेली, विश्वस्तांना वेळ नाही. प्रत्येकाने दोन बैठका दिल्या, बाकी फोटो दिले. मी हो म्हटलं. पहिली चूक ती.

दुसरी चूक कारागिरीची, आणि ती मी शिकलेला माणूस असून केली. सगळ्या पार्श्वभूमी गडद हव्या होत्या. मी आयव्हरी ब्लॅक भरपूर जवसाच्या तेलात कालवून खाली लावला. वर वरच्यावर सुकायला आला एवढं बघितलं आणि त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग फिरवला. या धंद्यातल्या माणसाला इथेच कळलं असेल काय होणार. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. आयव्हरी ब्लॅक त्यात फार मंद. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो भराभर आवळतो. वरचा थर कडक झाला, खालचा अजून हलत होता. दुसऱ्या वर्षी पहिली भेग आली, मग नऊच्या नऊ चित्रांवर जाळी पसरली. एकोणिसाव्या शतकात बिट्युमेन, म्हणजे डांबराचा तपकिरी रंग, वापरून कितीतरी चित्रकारांनी आपली चित्रं अशीच घालवली, आणि हे मला पाठ होतं. खाली तेल कमी, वरच्या प्रत्येक थरात थोडं जास्त, हा नियम शिकवताना मी मुलांना झापत असे.

या व्यवसायात तेव्हा एक जण नवा आला होता. फोटो कॅनव्हासवर छापायचा, त्यावर पारदर्शक जेलने ब्रशचे वळ उमटवायचे, दोन ठिकाणी खरा रंग लावायचा आणि अस्सल तैलचित्र म्हणून द्यायचं. छपाई म्हणून विकली असती तर माझी काही तक्रार नव्हती. त्याने आमच्या भेगांचे फोटो मिळवले आणि आमच्या गिऱ्हाइकांना पत्रासोबत पाठवले. 'यांच्याकडे चित्र टिकत नाही' असा मजकूर होता. चार महिन्यांत हातातली सगळी कामं गेली. भेगा माझ्या होत्या, ते मी तेव्हाही नाकारलं नाही. पण ज्याच्या चित्रात सुकायला तेलच नव्हतं त्याने टिकण्याबद्दल बोलावं, हे मला आजही सहन होत नाही.

नऊही चित्रं मी परत मागवली आणि एकही पैसा न घेता पुन्हा करून द्यायचं ठरवलं. या वेळी बैठका मागितल्या. सात जणांनी दिल्या, दोघांनी जुनीच चित्रं ठेवून घेतली. याला दोन वर्षं लागली. नवं काम शून्य होतं.

त्या दोन वर्षांत मला सावरलं ते एका बाईंनी. त्या सातांपैकीच, निवृत्त शिक्षिका. बसायला आल्या की आधी खुर्चीच्या पायांच्या खडूच्या खुणा तपासायच्या, खुर्ची रेसभर हलली असेल तर स्वतः सरकवायच्या. खिडकी उत्तरेची, उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, तरी दुपार झाली की म्हणायच्या, "आता पुरे, माझी सावली सरकली." एकदा चित्रातल्या कानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा कान माझा नाही. माझ्या मागून खिडकीचा उजेड येतो ना?" खरं होतं. मागून उजेड आला की कानाची पाळी आतून लाल पेटते. फोटोत ती काळपट आली होती, पहिल्या चित्रात मी तशीच उतरवली होती आणि दुसऱ्यातही हात सवयीने तिकडेच गेला होता. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर कान पुसला आणि शुद्ध व्हर्मिलियनने केला. फोटो बंद करायचं मी त्या कानापाशी ठरवलं.

बाई सोळा वेळा बसल्या. मग त्यांनी आपल्या बहिणीला आणलं, बहिणीने आणखी दोघांना. त्यांना भेगांची पत्रं माहीत नव्हती असं नाही. बाईंनी त्यांना आधीच दाखवली होती.

पुढची बारा वर्षं स्टुडिओ नीट चालला, आता दोन सहकारी आहेत. माझ्यासह तिघांनाही मी एकच काम सक्तीचं केलंय : प्रत्येक चित्रामागे कोणता थर कोणत्या तारखेला, कशात कालवून लावला, ते लिहायचं. आणि शेवटचं वार्निश पातळ रंगाला सहा महिने, जाड रंगाला वर्ष झाल्याशिवाय नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून ठेवा.

बाईंनी नवं चित्र नेताना जुनं माझ्याकडेच ठेवायला सांगितलं. ते उत्तरेच्या खिडकीसमोर टांगलेलं आहे, येणाऱ्याला पहिलं तेच दिसतं. डाव्या खांद्यामागची सगळ्यात मोठी भेग मी दर वर्षी पट्टीने मोजतो. गेली पाच वर्षं ती वाढलेली नाही.