कॅम्परच्या वायरिंगमध्ये बॉडी अर्थ नीट करताना

जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसच्या मागच्या सीटा काढून आम्ही पलंग, पाण्याची टाकी, बारा व्होल्टचा पंप, पंखा, एलईडी पट्ट्या आणि इन्व्हर्टर बसवून घेतला. वायरिंग फॅब्रिकेशनवाल्यानेच केलं, दिसायला एकदम चकाचक. पण पंप लावला की दिवे मंद व्हायचे आणि पंखा रडत फिरायचा. बॅटरी नवी, चार्ज पूर्ण. सगळ्यांचा सल्ला एकच, मोठी बॅटरी घ्या.

दारव्हा रोडवर ट्रॅक्टरची वायरिंग करणारा एक दादा आहे, त्याला गाडी दाखवली. ट्रॉलीचे लाल दिवे लागले नाहीत तर हा माणूस आधी बल्ब काढत नाही, हूकची पिन घासतो. कारण बऱ्याच ट्रॉल्यांना मायनसची वेगळी वायरच नसते, करंट त्या गंजक्या लोखंडातून परत जातो. लोखंडी बॉडीतून परतीचा हा रस्ता म्हणजेच बॉडी अर्थ. त्याने पंप चालू ठेवला, मीटर डीसी व्होल्टवर लावला, एक टोक पंपाच्या मायनसला आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसले 1.2 व्होल्ट.

"भाऊ, प्लस तं बराबर हाय. वापसीचा रस्ता कच्चा हाय तुमचा."

पंप बंद केला की तोच आकडा शून्यावर. म्हणजे लोड नसताना कितीही तपासलं असतं, सगळं ठीकच दिसलं असतं.

पॅनल उघडलं. पंप, पंखा आणि दिवे या तिघांचे मायनस एकाच पत्र्याच्या स्क्रूखाली पिळून दाबलेले, आणि तोही रंगावरच. रंग करंट जाऊ देत नाही. स्क्रूच्या आट्यांनी पत्रा जेवढा खरवडला होता तेवढ्यावरच सगळा भार. त्यातून पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या धुक्यात गाडी राहिलेली, तांब्याच्या तारांवर हिरवट थर आला होता.

दुरुस्ती सोपी, पण घाई चालत नाही. आधी बॅटरीचा मायनस काढला. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी ठरलेली. मग चेसिसचा जाड भाग निवडला, पेट्रोल-डिझेलच्या लाइनपासून लांब. सीटबेल्टचा बोल्ट सोयीचा दिसतो, त्याला हात लावायचा नाही. रंग काढून पांढरं लोखंड दिसेस्तोवर पॉलिश पेपर मारला. वायरच्या टोकाला थिंबल, म्हणजे बोल्टात अडकवायचं धातूचं कडं, दाबून बसवलं, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसला आणि वरून व्हॅसलीन. आधी नाही, कसल्यानंतर. बाकी सगळ्यांचे मायनस एका पितळी पट्टीवर आणले आणि पट्टीतून एकच जाड केबल बॅटरीला. मीटरवर आता 0.06 व्होल्ट.

इन्व्हर्टरच्या बाबतीत दादाने ऐकूनच घेतलं नाही. हजार वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर बारा व्होल्टला ऐंशी अँपिअरच्या वर ओढतो आणि तेवढाच करंट मायनसमधून परत येतो. प्लसला जाड केबल अन् मायनसला उरलीसुरली बारीक, हे त्याच्या दुकानात चालत नाही. फ्यूज मात्र प्लसलाच, बॅटरीच्या अगदी जवळ.

खरी भीती पुढे होती. मुक्कामाला कुणाच्या मळ्यात थांबलो की बोअरच्या बोर्डातून 230 व्होल्ट घ्यायचे, आणि गाडीची बॉडी थ्री-पिनच्या अर्थला जोडलेली. आपल्याकडे ती तिसरी पिन कित्येकदा नुसतीच शोभेची. आत फेज बॉडीला लागला, अर्थ मेलेला असला आणि ओल्या मातीत अनवाणी उभा माणूस दाराला हात लावतो, तर पुढचं सांगायला नको. एका मळ्यात मीटरवर फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास पूर्ण व्होल्टेज आलं. तरी गावच्या वायरमनने स्वतः त्या दोघांच्यात शंभर वॅटचा बल्ब लावला, तर तो नुसता लालसर पेटला, म्हणजे अर्थ कच्चा. मे महिना, काळी माती भेगाळलेली, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक. बादल्यांनी पाणी ओतल्यावर बल्ब बराच उजळला. तरीही गाडी जोडली नाही, पंखा बॅटरीवरच चालवला. परत आल्यावर गाडीच्या 230च्या इनपुटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला, आणि आता बल्ब-होल्डरही टूलकिटमध्ये असतो, पण ती तपासणी वायरमनच करतो.