टॉलेमीच्या नकाशातले चौल
नकाशे तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन बंदरांच्या एका प्रदर्शनासाठी, अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने इ. स. 150 च्या सुमारास आपल्या ‘भूगोल’ या ग्रंथात दिलेले अक्षांश-रेखांश संगणकावर उतरवण्याचे काम माझ्याकडे आले. आकडे भरून बिंदू जोडले, तर पडद्यावर भारताचे द्वीपकल्पच उमटेना. सिमिल्ला, म्हणजे आपले चौल, आणि कन्याकुमारी यांच्या अक्षांशांत सुमारे साडेदहा अंशांचा फरक हवा. इथे तो जेमतेम सव्वा अंश भरत होता, आणि किनारा दक्षिणेकडे उतरण्याऐवजी पूर्वेकडे आडवा धावत होता. हस्तलिखितांगणिक आकडे थोडेफार बदलतात हे जमेस धरूनही एवढी तफावत मिटत नव्हती.

उरलेला दिवस मी त्याच्या पहिल्या खंडात घालवला, कारण माहिती कशी जमवावी आणि कशी पारखावी याची चर्चा तिथे आहे. ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिप्पार्कसने आकाशातील ध्रुवाची उंची, म्हणजेच अक्षांश, मोजक्याच शहरांसाठी दिली, असे टॉलेमी म्हणतो. रेखांशासाठी एकच चंद्रग्रहण दोन ठिकाणी कोणत्या तासाला दिसले हे कळावे लागे. इ. स. पू. 331 चे ग्रहण आर्बेला (आजच्या इराकमध्ये) येथे पाचव्या आणि कार्थेज (आजच्या ट्युनिशियात) येथे दुसऱ्या तासाला दिसल्याची नोंद तो देतो; तासाला 15 अंश या हिशेबाने या तीन तासांचे 45 अंश होतात, प्रत्यक्षातले अंतर मात्र सुमारे 34 अंशांचे आहे. बाकी सारी भिस्त प्रवाशांवर होती. प्रवासाला किती दिवस लागले ते विचारायचे, त्यांचे स्टेडिया (ग्रीकांचे अंतराचे माप) करायचे आणि वळणावळणांची वजावट करायची. मेस टिटियानस या व्यापाऱ्याच्या माणसांकडून कळलेली, मध्य आशियातील ‘दगडी मनोऱ्या’पासून चीनमधील सेरापर्यंतची सात महिन्यांची वाट टॉलेमीच्या आधीचा भूगोलकार मारिनस याने 36,200 स्टेडिया धरली होती, टॉलेमीने ती सरळ निम्मी केली. (आज एखाद्या सर्वेक्षकाने असे केले, तर त्याचे बिल मंजूर होणार नाही.)

चौलच्या बाबतीत त्याची चौकशी मला अधिक पटली. मारिनसने हे बंदर सिंधूच्याही पश्चिमेला टाकले होते. तिथे दीर्घकाळ राहिलेल्या आणि तिथून आलेल्या लोकांच्या सांगण्यावरून टॉलेमीने ते सिंधूच्या मुखांच्या दक्षिणेला असल्याचे नोंदवले. भरूचच्या पुढे किनारा उत्तर-दक्षिण जातो, हे ‘पेरिप्लस’ या त्याआधीच्या ग्रीक सागरवर्णनात स्पष्ट लिहिलेले असूनही टॉलेमीचा किनारा आडवाच राहिला. दिवस जितक्या चिकाटीने विचारले, तितक्या चिकाटीने दिशा विचारल्या गेल्या नाहीत, असे माझे मत झाले.

फलकासाठी मी त्याचे बिंदू जसेच्या तसे ठेवले आणि आजचा किनारा खाली फिकट रेषेत काढला.