अठरा वर्षांनी आलेला अल्बम

२२ मार्च २०२६, रविवार. ठाणे.

आज ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टच्या रॅपरला, फाइफ डॉगला, जाऊन दहा वर्षं झाली. सकाळपासून ग्रुपवर तेच चाललंय. कळव्याच्या मित्राने उठल्या उठल्या जुना फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "खरा ट्राइब १९९८ला संपला." झालं. दर वर्षी या तारखेला होणारा वाद याही वर्षी पेटला. मी तिथे दोन ओळी लिहून फोन बाजूला ठेवला. रविवारी आमचं डायलिसिस युनिट बंद असतं, घरात कोणी नाही, तर बाकीचं इथे लिहिते.

ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट हा न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सच्या पोरांचा हिप-हॉप ग्रुप. क्यू-टिप, फाइफ, अली शहीद मुहम्मद, आणि पहिल्या अल्बमनंतर बाजूला झालेला जरोबी. १९९०मध्ये पहिला अल्बम, १९९८मध्ये पाचवा, आणि मग फाटाफूट. अधूनमधून स्टेजवर एकत्र दिसायचे, पण नवीन अल्बम नाही. १३ नोव्हेंबर २०१५ला एका टीव्ही कार्यक्रमात पुन्हा एकत्र उभे राहिले. पॅरिसमध्ये हल्ले झाले तीच रात्र. त्यानंतर कुणालाही न सांगता क्यू-टिपच्या न्यू जर्सीच्या घरी काम सुरू झालं. अट एकच, घरी बसून रेकॉर्ड करायचं आणि फाइल मेलने पाठवायची हे चालणार नाही, सगळ्यांनी एका खोलीत यायचं. ते काम चालू असतानाच फाइफ गेला. वय ४५. अल्बम आला ११ नोव्हेंबर २०१६ला.

ती तारीख आपल्याकडे कुणाला वेगळी सांगायला नको. ८ तारखेला रात्री पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेत ट्रम्प निवडून आल्याचा निकाल आला, आणि ११ला एटीएम उघडली. कार्डावर दिवसाला दोन हजार. मी गोखले रोडवर रांगेत होते. जिओचं फुकट नेट नवीन होतं, त्यामुळे रांगेतली निम्मी माणसं कानात काहीतरी घालून उभी होती. माझ्या पुढचे काका क्रिकेट ऐकत होते. मी अठरा वर्षांनी आलेला अल्बम ऐकत होते.

आमचा ग्रुप फार मोठा नाही. तलावपाळीच्या एका बाकावर मावू, एवढेच. पण त्या दिवशी सगळेच कुठल्या ना कुठल्या रांगेत होते. कोपरीत, कळव्यात, मुंब्र्यात, नौपाड्यात. आणि जे काही वाटलं ते रांगेतूनच लिहीत होते. नंतर घरी शांतपणे बसून, चार लोकांचं वाचून बनवलेली मतं वेगळी. ही ताजी होती.

मुंब्र्याच्या मित्राचा पहिला मेसेज दुसऱ्या गाण्यावर आला. त्या गाण्याच्या ध्रुवपदात एक आवाज अगदी मऊपणे एकेकाला निघून जायला सांगतो. काळे, मेक्सिकन, गरीब, मग मुसलमान आणि समलिंगी. मित्राने लिहिलं, "माझं नाव चौथ्या ओळीत आहे." एवढंच. त्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. अमेरिकेतल्या निकालाच्या आधी रेकॉर्ड झालेलं गाणं, क्वीन्सच्या माणसाने लिहिलेलं, आणि ते मुंब्रा स्टेशनजवळच्या रांगेत उभ्या असलेल्या एका माणसाला नेमकं लागलं. अल्बम परत आणायचा तर हे जमायला हवं. जुनी लकेर पुन्हा ऐकवणं सोपं आहे.

कोपरीच्या दादाने पहिल्याच गाण्यात फाइफचा आवाज आला तसं बंद केलं. आम्हा सगळ्यांना हा नाद दादानेच लावला. तो टीएमटीत कंडक्टर. कॉलेजात असताना त्याने राइट करून दिलेल्या सीड्यांवर काळ्या मार्करने फक्त वर्ष लिहिलेलं असायचं. १९९१, १९९३. नाव नाही, गाण्यांची यादी नाही. "ऐक आणि मग मला सांग कोण आहेत ते," असं म्हणायचा. तो त्या दिवशी म्हणाला, "गेलेल्या माणसाचा आवाज मला रांगेत नाही ऐकायचा. घरी जाऊन ऐकतो." रात्री उशिरा त्याचा मेसेज आला. शेवटच्या गाण्याचं नाव 'द डोनाल्ड'. ते वाचून आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की ते ट्रम्पवर आहे. दादाने लिहिलं, "नीट ऐका रे. ते फाइफला निरोप आहे. हे त्याचंच टोपणनाव." मग आम्ही परत ऐकलं. खरंच तसं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा टीव्हीवर कार्यक्रम झाला. व्हिडिओ आमच्यापर्यंत पोचला तेव्हा आम्ही पुन्हा रांगेत. फाइफचं कडवं आलं तेव्हा मागे त्याचं चित्र असलेलं कापड वरून खाली सोडलं आणि त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज चालू राहिला. कुणीही त्याच्या जागी उभं राहून त्याच्या ओळी म्हटल्या नाहीत. मला ते फार योग्य वाटलं.

आता कळव्याचा मित्र. त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्याचे कान आमच्यात सगळ्यात तयार आहेत. त्याचं म्हणणं असं, की ज्यांच्या १९९१च्या अल्बमवर जॅझवाल्या रॉन कार्टरने डबल बास वाजवला, त्यांनी रॉकवाल्या जॅक व्हाइटची गिटार आणि पॉपवाल्या एल्टन जॉनचा आवाज कशाला घ्यावा? पाहुणे किती, आवाज किती, जुनी ऐसपैस जागा कुठे गेली? "हे चांगलं आहे, पण ट्राइब नाही." जगभरातल्या बऱ्याच जुन्या चाहत्यांचं हेच म्हणणं होतं, भाषा वेगळी एवढंच. बाकीच्यांनी अल्बम डोक्यावर घेतला. पहिल्याच आठवड्यात तो अमेरिकेच्या यादीत पहिला आला.

मला मित्राला सांगायचं आहे ते असं: अरे, तुला ट्राइब परत नकोय. तुला तलावपाळीवरची ती संध्याकाळ परत हवीय, दादाची सीडी, एक इयरफोन तुझ्या कानात आणि एक माझ्या. ती मलाही हवीय. पण ती देणं हे त्यांचं काम नाही. ते विशीत होते तेव्हा विशीतली गाणी केली. पंचेचाळिशीत आले तेव्हा पंचेचाळिशीतली केली. त्यात एक जण आजारी होता आणि तो आजार त्या अल्बममध्ये आहे.

इथे माझं काम आड येतं. खरं तर मदतीला येतं. मी डायलिसिस टेक्निशियन आहे. २०१६मध्ये नवीनच लागले होते. फाइफला १९९०मध्ये मधुमेह निघाला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. २००८मध्ये त्याच्या बायकोने त्याला किडनी दिली. तीही टिकली नाही आणि काही वर्षांनी तो किडनीसाठी पुन्हा यादीत लागला. हे सगळं मी आधी चाहती म्हणून वाचलं होतं, जसं आपण आवडत्या माणसाबद्दल काहीही वाचतो. युनिटमध्ये उभी राहायला लागल्यावर ते वाक्य मला वेगळं दिसायला लागलं. "पुन्हा यादीत लागला" याचा अर्थ मला रोज सात वाजता दारात दिसतो. आधी काट्यावर उभं राहायचं. दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढलं, म्हणजे अंगात पाणी किती साठलं, ते बघायचं. मग हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेवर, कान लावला तर आत रक्ताची घरघर ऐकू येते, तिच्यावर बोट ठेवून जागा ठरवायची आणि दोन जाड सुया. चार तास. शेवटच्या तासाला पायात गोळे येतात, बीपी पडतं, माणूस पांढरा होतो. आणि एक दिवस सोडून पुन्हा तेच. किडनीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं फोनची वाट बघणारे लोक मी ओळखते. घरच्यांनी किडनी दिली असेल तर देणारी बहुतेक वेळा बायको किंवा आई असते. तिकडे फाइफला बायकोने दिली, इकडेही देणाऱ्या बायकाच जास्त, आणि याच्यावर कुणी गाणं करत नाही याचा मला राग आहे.

आपल्याकडे शुगर लपवतात. लग्न ठरवताना लपवतात, ऑफिसात लपवतात, इन्शुलिन घ्यायला संडासात जातात. आणि १९९३च्या अल्बममध्ये हा सव्वापाच फुटांचा माणूस मधुमेहाची फुशारकी मारतो! रॅपमध्ये लोक गाडी, पैसा, इलाका यांची मिजास करतात. याने आजाराची केली, तीही हसत, तालात. विशीत ती ओळ मला नुसती गंमत वाटायची. आता मला ती रॅपमधली सगळ्यात धाडसी फुशारकी वाटते.

म्हणून २०१६च्या अल्बममध्ये त्याचा आवाज ऐकताना मी तो १९९३च्या आवाजाशी ताडून बघत नाही. इतका आजार अंगावर घेऊन हा माणूस त्या खोलीत आला, जुन्या भांडलेल्या मित्रासमोर, क्यू-टिपसमोर, बसला आणि त्याच्या ओळीला ओळ जोडली. एका गाण्यात चौघे एकमेकांच्या तोंडातून वाक्यं काढून घेतात, मधे एक श्वासाचीही फट नाही. त्याच गाण्यात ते त्यांच्यानंतर आलेल्या पोरांची नावं घेतात, केंड्रिक, कोल, अर्ल, आणि दाराचे राखणदार आता हेच म्हणतात. किती जुनी माणसं नव्यांबद्दल असं बोलतात? कळव्याचा मित्र या गाण्याचा विषय कधी काढत नाही. मी दर वर्षी काढते.

आणि आता जे मला मुळात लिहायचं होतं ते.

आमच्याकडे सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टला एक मुलगा येतो. चोविशीचा. शाळेपासूनची शुगर. पूर्वी उशीत तोंड खुपसून पडायचा, कुणाशी बोलायचा नाही. एकदा त्याच्या फोनवर मुंबईच्या स्वदेसी या रॅप ग्रुपचं गाणं चालू होतं, त्यांच्यातल्या मावलीचा आवाज. मी मशीन लावता लावता पुढची ओळ म्हटली. त्याने डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं जसं काही मशीनच बोलली. तिथून बोलणं सुरू झालं. त्याच ग्रुपच्या टॉडफॉडबद्दल बोललो. तो मार्च २०२२मध्ये गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. "माझ्याएवढा," मुलगा म्हणाला. मी विषय बदलला नाही. "हो," म्हटलं.

मग मी त्याला ट्राइबचा हा शेवटचा अल्बम दिला. आधीचं काही सांगितलं नाही. साठ मिनिटांचा आहे, चार तासांत चारदा बसतो. पहिल्यांदा ऐकून झाल्यावर त्याने मोकळ्या हाताने मला खूण केली. मला वाटलं सुई दुखते. तो म्हणाला, "ताई, तो बारीक आवाजाचा आहे ना, तो भारी आहे. मधेच घुसतो आणि सगळं हलवून टाकतो." मी विचारलं, पुन्हा लावू? म्हणाला, लाव. दुसऱ्या फेरीनंतर मी त्याला फाइफबद्दल सांगितलं. शुगर, किडनी, बायको, यादी. तो बराच वेळ छताकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "आणि हे सगळं चालू असताना त्याने हे केलं?"

"हो."

"मग परत लाव."

त्या दिवशी त्याला शेवटच्या तासात गोळे आले नाहीत असं लिहायचा मोह होतो, पण आले. पाय दाबावे लागले. कानातलं मात्र त्याने काढलं नाही.

त्याच्यासाठी हा पुनरागमनाचा अल्बम नाहीच. पहिलाच आहे. १९९८ माहीत नाही, तलावपाळी माहीत नाही, रॉन कार्टर माहीत नाही. त्याच्या तोंडून 'आधीचं बरं होतं' येऊच शकत नाही. त्याने जे ऐकलं ते कुठल्याही आठवणीची भेसळ न होता ऐकलं, आणि फाइफ त्याला पहिल्या फेरीतच सापडला. मी हे आज ग्रुपवर लिहिलं. मुंब्र्याच्या मित्राने लगेच हृदय टाकलं. दादाने लिहिलं, "त्याला माझा नंबर दे." कळव्यावाल्याने वाचलंय, निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही. दुपारी त्याने रॉन कार्टरचा एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "पोराला हेही ऐकव." त्याच्याकडून हे खूप झालं.

शुक्रवारी मशीन काढताना मुलाने विचारलं होतं, "यांचं आधीचं काय आहे? एकच दे, नाहीतर गोंधळ होतो." कळव्याचा मित्र १९९१ म्हणेल, आणि संगीत म्हणून त्याचं बरोबर आहे. पण मी १९९३चा फोनमध्ये भरून ठेवलाय. मधुमेहाची ओळ कुठल्या गाण्यात आहे ते सांगणार नाही. उद्या पहिली शिफ्ट सातची, म्हणजे साडेसहाला निघायला हवं.