धोंड्याच्या रविवारी क्रॉफर्ड

30 जुलै 2023, रविवार. शहापूर, बेळगाव

अधिक महिना, म्हणून ताई-भावोजी कालपासून इथंच आहेत. आई पहाटेपासून धोंड्यांच्या मागं, बाहेर पावसाची रिपरिप. मधल्या खोलीत आम्ही चौघं नऊच्या पुढं टीव्हीला लॅपटॉप जोडून बसलो: मी, भावोजी, मामा आणि समोरच्या घरातलं कन्नड पोरगं, जे मॅच कुठलीही असो, येतंच. लास व्हेगसला तेव्हा शनिवारची रात्र. बॉक्सिंग: एरॉल स्पेन्स विरुद्ध टेरेन्स क्रॉफर्ड. स्पेन्स 28 लढती जिंकलेला, क्रॉफर्ड 39, आणि हरणं दोघांनाही ठाऊक नाही. वेल्टरवेट म्हणजे 147 पौंडांचा गट, त्यात चार संघटनांचे विजेतेपदाचे चार बेल्ट: तीन स्पेन्सकडं, चौथा क्रॉफर्डकडं. ही लढत जमवा म्हणून लोक वर्षानुवर्षं ओरडत होते.

भावोजी निपाणीचे, कुस्तीच्या मैदानांवर वाढलेले. त्यांना पुढं सरकणारा गडी आवडतो, म्हणून ते स्पेन्सचे. तसा तो आहेच. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारत मारत अंगावर येतो, बरगड्यांवर हात चालवतो, समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. मामांनी मराठा लाइट इन्फन्ट्रीत असताना पलटणीतलं बॉक्सिंग भरपूर बघितलंय. त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही.

पहिली फेरी स्पेन्सचीच वाटली. दुसऱ्या फेरीच्या शेवटाला क्रॉफर्डचा डावा सरळ हात लागला, पाठोपाठ उजव्याचा जॅब, आणि स्पेन्स खाली. आयुष्यात पहिल्यांदा. भावोजी म्हणाले, "पाय घसरला." रीप्ले तीनदा दाखवला तरी त्यांचं मत तेच.

यातली गंमत अशी की क्रॉफर्ड मुळात उजव्या हाताचा माणूस, आणि उभा राहतो डावखुऱ्या पवित्र्यात. म्हणजे जो हात पुढं असतो, जो इतरांचा नुसता अंतर मोजायचा हात असतो, तोच त्याचा जोराचा हात. स्पेन्सचा सगळा संसार त्याच्या जॅबवर उभा. तो जॅब टाकायला गेला की समोरून त्याच्याहून जड जॅब तोंडावर येत होता. तीच गोष्ट फेरीमागून फेरी. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत स्पेन्सचा चेहरा सुजायला लागला. भावोजी आता हळू आवाजात बोलायला लागले होते: "हा आज थकलाय. मारतच नाही."

मामा एवढा वेळ गप्प होते. म्हणाले, "मारूलालाय की तो, जावईबापू. लागंना झालंय."

संध्याकाळी आकडे बघितले तर मामांचं म्हणणं त्यात तंतोतंत. स्पेन्सनं 480 ठोसे फेकले, लागले 96. क्रॉफर्डनं फेकले 369, लागले 185. म्हणजे शंभरावर ठोसे जास्त मारणारा माणूस आम्हाला 'मारत नाही' असा दिसत होता! चुकलेला ठोसा डोळ्यात भरत नाही, त्यामुळं तो मारलाच नाही असं वाटतं. आणि तो चुकला कसा, कुणी चुकवला, हे तर त्याहून कुणी बघत नाही.

सातव्या फेरीत स्पेन्स दोनदा पडला, दोन्ही वेळा क्रॉफर्डच्या उजव्या हातानं. ताई धोंड्यांची ताटली घेऊन आली, पडद्याकडं बघितलं आणि तशीच आत गेली. नवव्या फेरीत समोरचं पोरगं उठून "साकु, साकु" (पुरे, पुरे) म्हणून हात हलवायला लागलं, तेवढ्यात रेफरी हार्वी डॉकनंही लढत थांबवली. 2 मिनिटं 32 सेकंद. आठव्या फेरीअखेर तिन्ही जजचे गुण सारखेच होते, क्रॉफर्डच्या बाजूनं 79-70. अटीतटीची म्हणून गाजवलेली लढत, आणि निघाली ती अशी. चार बेल्टच्या काळात दोन वजनी गटांत निर्विवाद विजेता, म्हणजे चारही बेल्टचा मालक, झालेला क्रॉफर्ड हा पहिला पुरुष. आधीचा गट 140 पौंडांचा होता, 2017 सालचा.

खरी मॅच जेवताना सुरू झाली. भावोजींच्या भावाचा फोन, मग मित्रांचा. सगळ्यांचं एकच: स्पेन्स आता पूर्वीचा राहिला नव्हता. 2019 मध्ये डॅलसला त्याची फेरारी उलटली होती. 2021 मध्ये डोळ्याच्या पडद्याला इजा झाली. शिवाय वजन उतरवून उतरवून अंग कोरडं पडलेलं. सगळं खरं आहे. पण त्या अपघातानंतर आणि त्या डोळ्यानंतरच एप्रिल 2022 मध्ये त्यानं योर्डेनिस उगासला दहाव्या फेरीत थांबवून तिसरा बेल्ट घेतला होता. तेव्हा कुणी म्हणालं का, हा संपलाय म्हणून? काल रात्रीपर्यंत भावोजी स्वतः काय सांगत होते? आणि जुनी दुखणीच मोजायची तर 2008 मध्ये ओमाहात गाडीत बसलेल्या क्रॉफर्डच्या डोक्याला गोळी लागली होती. स्वतः गाडी हाकत तो दवाखान्यात गेला. ते कुठल्या खात्यावर लिहायचं?

मला वाटतं, ताकदीनं हरवणाऱ्याला हे भोगावं लागत नाही. एका दणक्यात आडवा केला की लोक हरवणाऱ्याचं कौतुक करतात. पण कसबानं हरवलं, एकेक दार लावून घेत हरवलं, की हरणारा इतका केविलवाणा दिसतो की लोक त्याचंच निदान करत बसतात. आजारपण, वय, वजन, बायको, काहीही. आपल्याकडं आनंदवाडीच्या कुस्तीच्या आखाड्यातसुद्धा ढाक लागून गडी चीत झाला की मैदान उठतं. पण दहा मिनिटं समोरच्याला पटच काढू न देणाऱ्या, म्हणजे पायाला हातच घालू न देणाऱ्या, पैलवानाला शिट्ट्या नाहीत, "लाव की कुस्ती" अशा शिव्या मिळतात.

हे मी भावोजींना बोललो नाही. धोंड्याच्या जेवणाला जावयाशी वाद घातला असता तर आईनं मलाच वाढलं नसतं. मामांनी मात्र तूप वाढून घेता घेता विचारलं, "जावईबापू, स्पेन्स एवढा खराब होता तर मग क्रॉफर्डला मारायला एवढा वेळ का लागला?" भावोजींनी अजून एक धोंडा घेतला.

14 सप्टेंबर 2025, रविवार

आज नेटफ्लिक्सवर, एकट्यानं. पितृपंधरवडा, घरात पाहुणे नाहीत, मामांना सकाळचं बसवत नाही. क्रॉफर्ड दोन वजनी गट चढून 168 पौंडांत कॅनेलो अल्वारेझशी लढला, तोही सत्तर हजारांवर लोकांसमोर. यावेळी लढत तशी एकतर्फी नव्हती, पण तिन्ही जजनी त्यालाच दिलं: 116-112, 115-113, 115-113. बारा फेऱ्या तो जड माणसाला हवं तिथं उभं करत होता आणि स्वतः तिथून निघून जात होता. आता निर्विवाद विजेतेपदाचा तिसरा गट.

दुपारी भावोजींचा फोन. "कॅनेलो म्हातारा झाला रे. पायच हलत नव्हते त्याचे."

मी एवढंच म्हणालो, की कॅनेलो 35 चा आहे आणि क्रॉफर्डला येत्या 28 तारखेला 38 पूर्ण होतील.

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते जाऊ दे. दसऱ्याला निपाणीला येतोस न्हवं?"