टमी टक केलं तेव्हा: माझा अनुभव

टमी टक म्हणजे पोटाची सैल कातडी काढून आतले फाकलेले स्नायू शिवण्याची शस्त्रक्रिया. जुळी मुलं झाली तेव्हा मी 33 वर्षांची होते. मुलं आठ वर्षांची झाली तरी माझं पोट सातव्या महिन्यासारखंच. एकदा बसमध्ये एक बाई माझ्यासाठी जागेवरून उठल्या. "बसा, अशा वेळी उभं राहू नये," म्हणाल्या. मी मुकाट्याने बसले. घरी आल्यावर खूप रडले.

आळस म्हणून ते पोट नव्हतं. मी 12 किलो वजन उतरवलं होतं. हात-पाय बारीक झाले, पोट तसंच राहिलं. अंथरुणावरून उठताना पोटाच्या मधोमध बेंबीच्या वर-खाली एक लांबट उंचवटा यायचा. यूट्यूबवर बघून मी पोटाचे व्यायाम करत होते, तो वाढतच होता. शेवटी कंबरदुखीसाठी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले, तर तिने मला उताणं झोपवून मान उचलायला सांगितली आणि पोटाच्या मधोमध बोटं ठेवली. चार बोटं सहज आत गेली. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून फाकतात, काहीजणींचे पुन्हा जुळून येत नाहीत. आठ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिचे व्यायाम सहा महिने केले. कंबर पुष्कळ सुधारली, फट तीन बोटांची झाली आणि तिथेच थांबली. लोंबणारी कातडी तर व्यायामाने जाणारी नव्हतीच.

पहिल्या क्लिनिकमध्ये पोटाला हातही न लावता लायपोसक्शनचं पॅकेज सांगितलं. आज पैसे भरलेत तर सवलत, असंही. लायपोसक्शनने चरबी निघते, फाकलेले स्नायू जुळत नाहीत आणि सैल कातडी आवळली जात नाही. हे मला माहीत नसतं तर मी पैसे भरून मोकळी झाले असते. म्हणून कळकळीने सांगते, डॉक्टर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहेत का ते आधी बघा. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून मग प्रश्न विचारले. अजून मूल हवंय का? वजन स्थिर आहे का? घरात कुणाला पायात रक्ताची गुठळी झाली होती का? सिगारेट, मिश्री काही? तंबाखूने जखम भरत नाही, कातडी काळी पडून मरू शकते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. विम्यात सौंदर्याची शस्त्रक्रिया बसत नाही, त्यामुळे मी माझी आरडी मोडली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी उभं करून पोटावर पेनाने रेघा मारल्या. पूर्ण भूल, साधारण तीन तास. कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत छेद, सिझेरियनचा व्रण त्यातच निघून गेला. बेंबी तिच्या देठावर जागच्या जागी राहते. वरची कातडी खाली ओढून घेतात आणि तिच्यासाठी त्यात नवं भोक पाडतात.

संध्याकाळीच सिस्टरने उठवून चालवलं. पायात गुठळी होऊ नये म्हणून हे करावंच लागतं. पण सरळ उभं राहता येत नाही! पोटाची कातडी ताणलेली, आतले स्नायू शिवलेले. नव्वदीतल्या आजीसारखी मी वाकून दहा दिवस चालले. झोपायचं तेही पाठीला उशा लावून, गुडघ्याखाली लोड ठेवून. शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरायची. वेदनेच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथायची तर सोय नाही, म्हणून इसबगोल पहिल्या रात्रीपासून घ्या.

आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढायला दोन्ही बाजूंना नळ्या होत्या, त्यांच्या टोकाला चेंडूएवढे रबरी फुगे. ह्यांनी मुलांच्या जुन्या वहीत रकाने आखले आणि रोज सकाळ-संध्याकाळ फुगा रिकामा करून मोजायचे: उजवी 80, डावी 95. आधी लालभडक, मग गुलाबी, मग ताकाच्या निवळीसारखं पिवळसर. चोवीस तासांत 30 मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. उजवी सातव्या दिवशी निघाली, डावी दहाव्या.

घरी आई आली होती. पोटाचा पट्टा बघून म्हणाली, "हेच मी बाळंतपणात सांगत होते. जुनं सुती नऊवारी फाडून आणलं होतं मी, तू आठव्या दिवशी सोडून टाकलंस." बांधून माझे स्नायू जुळले असते असं नाही, पण मी वाद घातला नाही. तो पट्टा सहा आठवडे, फक्त आंघोळीपुरता काढायचा. वाकून मला वेणी घालता येत नव्हती, तर आई रोज घालायची. पाचव्या दिवशी आरशात सुजलेलं, निळं-जांभळं पोट बघून मला वाटलं, काय करून बसले मी. आईने केसांतून फणी फिरवत ठेवली, काही बोलली नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी असं वाटतं, हे आधी माहीत असू द्या. आणि घरात किमान दोन आठवडे हक्काचं माणूस असल्याशिवाय तारीख घेऊ नका. सहा आठवडे बादली, गॅस सिलिंडर, मूल, काहीही उचलायचं नाही.

नळ्या निघाल्यावर डाव्या बाजूला पुन्हा पाणी साठलं. हात लावला की फुग्यासारखं हलायचं. दोनदा सुईने काढावं लागलं, दुखलं नाही, कारण तिथे संवेदनाच नव्हती. हे बऱ्याच जणींना होतं. पण पोटरी सुजून दुखली, दम लागला किंवा ताप आला तर रात्र असली तरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

आता सात महिने झाले. कंबर दुखत नाही. वीस किलो तांदळाची गोणी मी परवा सरकवली. व्रण अजून गडद आहे, डाव्या टोकाला जाडसर, सिलिकॉन जेल लावते. संध्याकाळी थोडी सूज येते. बेंबीखाली तळहाताएवढी जागा बधिर आहे, गरम पाणी तिथे कळत नाही. म्हणून तांब्या ओतण्याआधी मी बादलीत हात बुडवून बघते.