रेम्ब्रांटच्या सावल्या बघायला: ॲमस्टरडॅम, हार्लेम, हेग

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये शिरलेली बहुतेक माणसं तडक सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या ‘नाइट वॉच’कडे जातात. १६४२ सालचं ते चित्र भव्य आहेच, पण २०१९ पासून त्याच्या संशोधनाचं आणि जतनाचं काम सुरू आहे, त्यामुळे ते काचेपलीकडून बघावं लागतं आणि पुढ्यात कायम गर्दी असते. व्यक्तिचित्रं बघायला आला असाल तर सुरुवात दुसऱ्या एका चित्रापासून करा. जेमतेम तेवीस सेंटिमीटर उंचीची लाकडी फळी, त्यावर साधारण १६२८ साली बाविशीतल्या रेम्ब्रांटनं काढलेला स्वतःचा चेहरा.

उजेड डावीकडून येतो. गाल, मान आणि कानाची पाळी उजळते, बाकी चेहरा काळोखात. ओल्या रंगात कुंचल्याच्या दांड्यानं ओरखडे काढून केसांच्या कुरळ्या बटा केल्या आहेत. कुणाचाही चेहरा बघताना आपण आधी डोळे शोधतो, आणि या तरुणानं नेमके तेच झाकलेत. घाई न करता उभी राहिले तेव्हा नजर सरावली आणि कळलं, तो सावलीतून थेट माझ्याकडेच बघतोय.

आता १६६१ चं आत्मचित्र गाठा, संत पॉलच्या वेषातलं. इथे डोक्यावरचा फेटा आणि कपाळ लख्ख आहे, भुवया किंचित वर गेल्यात, हातात हस्तलिखित. माणूस खूश आहे की थकलाय, हे आपण डोळ्यांच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांवरून ओळखतो. रेम्ब्रांट तिथेच कडा विरघळवून टाकतो. मग थोड्या वेळापूर्वी मिश्कील वाटलेला चेहरा परत बघताना खचलेला वाटतो. मला वाटतं, त्याच्या माणसांना ‘मन’ आहे असं जे जाणवतं ते उजळलेल्या भागात नाही, या अर्ध्या सावलीत आहे. चित्राच्या बाजूला तिरपं उभं राहून बघा: कपाळावर शिशाच्या पांढऱ्या रंगाचा जाड थर, आणि सावलीत रंग अगदी पातळ. मग चार पावलं मागे या, ते सगळं पुन्हा कातडी होतं.

तिथलंच टिटसचं, म्हणजे त्याच्या मुलाचं, १६६० चं चित्रही चुकवू नका. साधूच्या तपकिरी झग्यात, खाली झुकलेल्या नजरेचा पोरगा. मार्टेन आणि ओपयेन या जोडप्याची १६३४ ची पूर्णाकृती चित्रं बघायची असतील तर आधी चौकशी करा. ती राइक्सम्युझियम आणि पॅरिसचं लूव्र संग्रहालय यांनी २०१६ मध्ये मिळून १६ कोटी युरोला घेतली आणि ती दोघांकडे आळीपाळीनं असतात.

रेम्ब्रांटचं घर चालत जाण्यासारखं आहे. १६३९ मध्ये तेरा हजार गिल्डरना (तेव्हाचं डच चलन) घेतलेलं, १६५६ च्या दिवाळखोरीत गेलेलं. जिने अरुंद आणि उभे आहेत, गुडघेदुखी असणाऱ्यांनी जपून. वरच्या चित्रशाळेच्या मोठ्या खिडक्या उत्तरेला आहेत, म्हणून थेट ऊन येत नाही आणि प्रकाश दिवसभर बराचसा सारखा राहतो. याच सुमारास त्यानं मुघल लघुचित्रांच्या नकला कागदावर केल्या. डच कंपनीची जहाजं तेव्हा आपल्या किनाऱ्यावर येतच होती, वेंगुर्ल्यात त्यांची वखारही होती. कागदावरची ही चित्रं उजेड सोसत नाहीत, त्यामुळे क्वचितच मांडतात. दिसली तर नशीब समजा.

हार्लेमला मात्र वेळ काढून जाच. ॲमस्टरडॅम सेंट्रालहून ट्रेननं पंधरा-वीस मिनिटं. रेम्ब्रांटचा समकालीन चित्रकार फ्रान्स हाल्स याच्या नावाचं फ्रान्स हाल्स म्युझियम एका जुन्या वृद्धाश्रमाच्या वास्तूत आहे, आणि याच आश्रमाच्या कारभारी स्त्री-पुरुषांची त्यानं काढलेली १६६४ ची दोन समूहचित्रं तिथे आहेत. हाल्स तेव्हा ऐंशी ओलांडलेला. काळ्या कपड्यांमधून फक्त चेहरे आणि हात बाहेर येतात. त्या बायकांचे हात बघा. चेहऱ्यावर जे येऊ दिलं नाही ते तिथे आलंय. हाल्सच्या काळ्या रंगात सत्तावीस छटा असतील असं व्हॅन गॉगनं लिहिलं होतं, ते समोर उभं राहिल्यावर पटतं. रेम्ब्रांटची माणसं आत वळलेली, हाल्सची समोरच्याकडे. म्हणून रेम्ब्रांट बघून झाल्यावर इथे यावं.

रेल्वेला वेगळं तिकीट काढायची गरज नाही, टॅप करून पैसे भरता येणारं बँक कार्ड चालतं. उतरल्यावर परत टॅप करायला विसरू नका. राइक्सम्युझियमची वेळ आधीच ऑनलाइन ठरवा, सकाळी नऊची सर्वांत शांत. फ्लॅशशिवाय फोटो काढू देतात. सगळी संग्रहालयं एका दिवसात कोंबू नका; चाळीसाव्या चेहऱ्यापर्यंत डोळे बोथट होतात.

हेगचं माउरित्सहाउस शेवटी ठेवा. सोमवारी ते दुपारी एकला उघडतं. लहान वाडाच आहे, फेरमीरच्या मोतीवाल्या मुलीच्या चित्रासमोर रांग लागते. तिचा चेहरा सुंदर आहे, पण ती कुणा ठरावीक व्यक्तीचं चित्र नाही. त्याच इमारतीत रेम्ब्रांटचं १६६९ चं आत्मचित्र आहे, तो वारला त्याच वर्षीचं. त्याची सहचरी हेंड्रिक्ये १६६३ मध्ये गेली, टिटस १६६८ मध्ये. गाल सुटलेले, कातडी खरबरीत, आणि आता डोळे झाकलेले नाहीत. १६२८ च्या चित्राचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर इथे उघडून शेजारी धरा आणि दोन्हींत फक्त डोळ्यांभोवतीची सावली बघा.