फॉर्म बी, एक रकाना आणि आतड्याची लय

उंदराच्या लहान आतड्यातून उठणाऱ्या, आतड्याच्या आकुंचनाची लय ठरवणाऱ्या विद्युत्-तरंगांची पहिली स्वच्छ नोंद मला एकाच सकाळी मिळाली, पण तो आतड्याचा तुकडा टेबलावर यायला साडेपाच महिने लागले. ते महिने संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीपुढच्या ‘फॉर्म बी’ने, आणि नेमके सांगायचे तर त्यातल्या एका रकान्याने खाल्ले. प्रयोगाला प्राणी का लागतात आणि हेच काम प्राण्यांवाचून का होणार नाही, असे तो रकाना विचारतो. माझे काम मधुमेही आणि निरोगी उंदरांच्या या तरंगांची तुलना करण्याचे होते.

मी पहिल्या वेळी तिथे दोन ओळी लिहिल्या होत्या. अर्ज ‘पेशी-संवर्धनावर का नाही?’ (म्हणजे बशीत वाढवलेल्या पेशींवर) एवढा शेरा घेऊन परत आला. पुढची बैठक सहा आठवड्यांनी होती आणि ती ऐन दिवशी रद्द झाली, कारण शासननियुक्त प्रतिनिधी आले नाहीत व त्यांच्यावाचून बैठक ग्राह्य धरली जात नाही. अर्जाच्या दहा प्रती मांडीवर घेऊन मी दुपारपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. रद्द झाल्याचे मला शेवटी चहावाल्याकडून कळले.

त्या रागात दुसरे उत्तर दीड पान झाले. त्यात मी लिहिले की आतड्याची लय अनैच्छिक स्नायूच्या पेशींत उपजत नाही. उभ्या आणि वर्तुळाकार स्नायूथरांच्या मधल्या फटीत जाळ्यासारख्या पसरलेल्या काहाल-पेशी ती निर्माण करतात. (स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या पाहिल्या, पण त्यांना त्या एक प्रकारच्या चेतापेशीच वाटल्या.) या पेशींच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटते, त्यामुळे पेशीच्या पटलावरचे अ‍ॅनो-१ हे क्लोराइडमार्ग (क्लोराइड आयनांना वाट देणारी प्रथिने) उघडतात, क्लोराइड बाहेर पडल्याने पटलावरचा विद्युत्-दाब बदलतो, आणि तो बदल पेशीमागून पेशी ओलांडत स्नायूपर्यंत पोहोचतो. तरंगाच्या माथ्यावर स्नायूतले कॅल्शियममार्ग पुरेसे उघडले, तरच आकुंचन होते. मज्जातंतू ही लय सुरू करीत नाहीत, ते तिचा जोर कमीजास्त करतात: त्यांच्यातून सुटणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीनने तरंगाचा माथा उंचावतो, नायट्रिक ऑक्साइडने तो दबतो. ‘किट’ हा काहाल-पेशींवरचा ग्राही (संदेश टिपणारे प्रथिन) सदोष असलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात हे जाळेच जवळजवळ नसते आणि तरंगही उमटत नाहीत, हे १९९०च्या दशकात दिसून आले. बशीत सुट्या वाढवलेल्या काहाल-पेशी हळूहळू आपले मूळ गुण हरवतात, शिवाय थरांची मूळ रचना तिथे उरत नाही. म्हणून अखंड आतडे हवे.

एवढे लिहूनही तिसऱ्या बैठकीत प्राण्यांच्या संख्येवर गाडी अडली. एकाच उंदराच्या आतड्याचे अनेक तुकडे करून संख्या का घटवीत नाही, असे एका सदस्यांनी विचारले. आतड्याच्या प्रत्येक भागातल्या तरंगांची गती वेगळी असते, हे मी अर्जात लिहिलेच नव्हते. माणसात जठराची गती मिनिटाला सुमारे ३ तरंग, आतड्याच्या आरंभी सुमारे १२, तर शेवटाकडे ८ ते ९ असते. वरचा आणि खालचा तुकडा एकाच मापाचे धरले तर मधुमेही आणि निरोगी उंदरांची तुलना फसते. हे मी उभ्या उभ्या सांगितले. त्यावर पशुवैद्य सदस्यांनी कत्तलखान्यातले बकऱ्याचे आतडे सुचवले. प्रश्न रास्त होता, पण पहिल्याच बैठकीत विचारला असता तर माझे तीन महिने वाचले असते. बकरा मधुमेही करून मिळत नाही, एवढेच मी पुटपुटले. मात्र सरावासाठी मी तेच आतडे आणले, आणि प्रत्येकाने आणावे. थंड द्रावणात ठेवलेल्या आतड्यात काही उमटत नाही. ऊब मिळाली की तरंग परततात, हे तिथेच डोळ्यांनी दिसते.

परवानगीनंतरचे काम सोपे गेले. फक्त पहिल्या आठवड्यात तरंग फार संथ येत होते आणि मी उंदरांनाच दोष देत होते. पंपाच्या यंत्रावर ३७ अंश दिसत असले तरी वातानुकूलित खोलीतून येणाऱ्या नळीत द्रावण निवत होते आणि आतड्याजवळ ३१ अंशच होते. तापमापक आतड्यालगत ठेवा. आणखी एक राहिले: द्रावणात कॅल्शियम क्लोराइड सर्वांत शेवटी, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण बुडबुडत असताना घाला, नाहीतर पाणी दुधाळ होते. तुकडा आकसून विद्युदग्र (तरंग टिपणारे टोक) निसटत असेल तर निफेडिपिन हे स्नायूतले कॅल्शियममार्ग बंद करणारे औषध घाला. स्नायू शांत होतो आणि तरंग चालूच राहतात. माझ्या दीड पानातले अर्धे म्हणणे पडद्यावरच्या त्या रेषेत होते. ती मी छापून अर्जाच्या फाइलला जोडली आहे.

मुदतवाढीचा अर्ज गेल्या आठवड्यात दिला. रकाना तोच आहे, बैठकीची तारीख अजून लागलेली नाही.